वायली चूल

प्रिय बाबा,

फोनवर हा विषय निघाला की तुझी रेंज नेमकी तेव्हाच जाते. करंज्याला टॉवर आहे हे मला माहीत आहे, पण जाऊ दे. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. खोपीच्या दारात, जाळ्यांच्या ढिगावर बसून, चहा घेऊन वाच. आणि अर्ध्यावर टाकून उठू नकोस, तुला माझी शप्पथ आहे.

परवा सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी. आत बोंबील, ताजे, अजून बर्फाचं पाणी गळत होतं. करंज्याहून एवढ्या बस बदलत तू खांदा कॉलनीत येतोस, आमचे जिने चढतोस, आणि बेल न वाजवता पिशवी अडकवून उतरून जातोस. चोरसुद्धा इतका गुपचूप येत नाही रे! प्रितेश म्हणाला, माझे सासरे आहेत की कुरिअरवाले. तो बिचारा हसवायला म्हणाला, पण आयेनं पिशवी हातात धरली आणि जिन्याकडे बघत राहिली. मला रडूच आलं. बाबा, तू बरा झालायस. गोळ्यांचा कोर्स पुरा केलास, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की काशिराम, आता तुमच्यापासून कोणाला काही होत नाही, घरी जा. तू मान डोलावलीस आणि तिथून तडक खोपीवर गेलास. तेव्हापासून आये आमच्याकडे, आणि तुझं ताट, तुझा पेला, तुझी चूल, सगळं वायलं.

आणि इकडे माझी चिंगूळ दीड वर्षाची झाली. इवल्या कोळंबीचं हे नाव तूच ठेवलंस, मोबाइलवरचा फोटो बघून. मांडीवर मात्र तिला अजून घेतलं नाहीस. आपल्या घरात पोराला पहिला मासा आजा भरवतो, आपल्या बोटांनी काटा काढून. मला तुझ्या बापानं भरवला होता, हे आये अजून सांगते. म्हणून चिंगळीला आम्ही मासा दिलेलाच नाही. कोळ्याची नात, आणि तूप-लिंबू घालून वरणभात खाते! शेजारच्या सुनीताताई कौतुक करतात, किती शहाणी मुलगी म्हणून. मी म्हणते, थांबा, तिचा आजा येऊ दे, मग बघा तिचा शहाणपणा. तर माझं मागणं एवढंच आहे, की तू ये. पण नुसतं ये म्हणून तू येणारा नाहीस, म्हणून आता तुला टेकाडाचं सांगते.

माझं नवं काम तुला धड सांगितलंच नव्हतं. पनवेलच्या खाडीकडेला एक टेकाड आहे, तिवरांच्या मागे. तिथं गोदामं व्हायची आहेत, त्याआधी पुण्याहून उत्खननवाले आले. मी त्यांची चित्रं काढते. खापर निघालं की खापर, दगड निघाला की दगड, जसाच्या तसा कागदावर. दुपारी सगळे जेवून सावलीला आडवे होतात. मी खड्ड्याच्या काठावर बसून असते. भरती चढत येते तसा खाडीचा वास बदलतो. कळंबोलीकडून ट्रकांची घरघर येते, पण इतकी लांबून, की वाटतं समुद्रच आहे. अशा वेळी पेन्सिल चालत असते आणि मी कुठे असते कोणास ठाऊक. खाली पायऱ्या दिसतात, ओटा दिसतो, आणि ओट्यावर कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं. एकदा तर मी जागा करून सरकून बसले. हसू नकोस!

गावचा बळीराम खणायला येतो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ही वायल्यांची जागा हाय, आमचे म्हातारे इकरं फिरकत नाय." हा शब्द आमच्या प्रभाकर सरांना कळेना. मीच ऐटीत सांगितलं, सर, वायलं म्हणजे वेगळं. भाऊ वायला निघाला म्हणजे त्याने आपली चूल वेगळी मांडली. मग सरांनी सगळा हिशेब त्यावर बांधला. वेगळे राहणारे लोक, म्हणजे लहान लहान खोल्या असणार, प्रत्येकाची आपली चूल असणार. आम्ही इथे खण, तिथे खण, खोल्या शोधत राहिलो. खोल्या काही सापडेनात.

सापडली माणसं. ओट्याच्या मागच्या बाजूला, ओळीने निजलेली. सातशे-आठशे वर्षं तरी झाली असतील म्हणतात. आभा मॅडम हाडं वाचतात. त्यांनी पायाच्या बोटांची हाडं तळहातावर घेऊन मला दाखवली, टोकाकडे झिजत झिजत पेन्सिलीसारखी बारीक झालेली. नाकाची कडाही तशीच झिजलेली. त्या हळूच म्हणाल्या, कीर्ती, हा कुष्ठरोग आहे. माझी पेन्सिल थांबली. तो रोग मी ओळखत होते. तुझी ती करंगळी आणि शेजारचं बोट, जाळं ओढताना दुमडलेलंच राहतं ते. मी त्या हाडांचं चित्र काढलं, बाबा. इतकं जपून मी आजवर काही काढलेलं नाही.

मग राखेत जळक्या बिया निघाल्या, कडूकवठाच्या. त्याचं तेल पूर्वी या रोगावर चोळायचे म्हणे. एक मोठा खलही निघाला, आतून गुळगुळीत झालेला. म्हणजे इथे या लोकांना नुसतं आणून टाकलं नव्हतं. कोणीतरी बिया कुटत होतं, तेल काढत होतं, पाय धूत होतं. तो दवाखाना होता, त्या काळचा. आणि ओट्याच्या मधोमध, जिथे आम्ही खोलीची भिंत शोधत होतो, तिथे चूल निघाली. एकच! मोठी, लांबलचक, ओळीने भांडी चढतील अशी, आणि तिच्यात हातभर राख. सगळं टेकाड पालथं घातलं, दुसरी चूल नाही. सर डोकं खाजवत माझ्याकडे बघायला लागले, की अहो, तुमचं वायलं कुठे गेलं? मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. गावानं त्यांना वायलं काढलं होतं. पण ती माणसं एकमेकांपासून वायली झालीच नव्हती. त्या चुलीभोवती सगळी एका पंगतीत जेवत होती.

अजून एक सांगते. त्या ओळीत एक बाई आहे. गुडघे झिजलेले, जात्यावर बसून बसून झिजतात तसे. बोटं मात्र धडधाकट, नाक धड, रोगाची एक खूण नाही. तिच्या शेजारी जो पुरुष आहे त्याचे पाय गेलेले. मी मॅडमना विचारलं, ही त्याच्यामागून आली असेल का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, रोग प्रत्येकाच्या हाडात उतरतोच असं नाही. त्यांचं बरोबर आहे, त्या शिकलेल्या आहेत, पुरावा नसताना बोलायचं नाही. पण मी आयेची, गुणाबाईची लेक आहे. मी ठरवून टाकलं की ती आली. डोक्यावर जातं घेऊन आली असेल, आणि नवऱ्यानं हाकललं तरी गेली नसेल. घरी येऊन आयेला सांगितलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "मंग? मी नस्ती आले? त्यानं खोपीला आतनं कडी लावली तं मी काय करू?"

आता शेवटचं सांगते. ज्यासाठी लिहायला बसले ते हेच आहे, आणि आता तरी उठू नकोस. महिन्यापूर्वी टेकाडावर चित्र काढताना चहा हिंदकळला, डाव्या हातावर पडला. कढत होता. सगळे ओरडले, आणि मी बघतच राहिले, कारण मला काही कळलंच नाही. कोपराखाली एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा, मी उन्हाचा समजले होते. प्रितेशबरोबर डॉक्टरकडे गेले. हो बाबा, तेच आहे. लगेच कपाळ बडवून घेऊ नकोस, कुठून आलं हे कोणालाच सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे तुझ्यामुळे म्हणायचा तुला हक्क नाही. गोळ्या सुरू झाल्यात, घरात सगळ्यांना तपासलंय, सगळे ठीक आहेत. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी माझं ताट धुऊन बाजूला ठेवायला गेले. तुझीच लेक ना! आयेनं ते हिसकून घेतलं, त्यात उरलेलं माझं कालवण भात घालून खाल्लं आणि म्हणाली, "एक गेला वायला, आता तू पन? मना विचारल्याबिगर?" त्या रात्रीही चिंगूळ माझ्याच कुशीत झोपली, त्याच हातावर डोकं ठेवून. तर आता तूच सांग. तिला या हातानं भरवू की नको? माझं ताट वायलं करू का? तू हो म्हणालास, तर मी ताट-पेला घेऊन तुझ्या खोपीत राहायला येते, तिथं दोघांची मिळून एक चूल मांडू. आणि नाही म्हणणार असशील, तर रविवारी ये. मासा तुझ्या पसंतीचा आण. पिशवी कडीला अडकवू नकोस, बेल वाजव. दार चिंगूळ उघडेल, कडेवर घेतलं की तिचा हात आता कडीला पुरतो. ताट मी एकच वाढून ठेवीन. काटा तू काढायचास.

वाट बघणारी, तुझीच लेक,
कीर्ती