आईला माझी किडनी चालणार नाही

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

आईला माझी किडनी चालणार नाही. तिच्या रक्तात माझ्याविरुद्ध अँटीबॉडीज आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुधा मी तिच्या पोटात असताना तयार झाल्या. बाबांकडून माझ्यात जे आलं, ते तिच्या शरीराला परकं वाटलं. बाबांना शुगर, म्हणजे तेही देऊ शकत नाहीत. आता कोण?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी उंदरिणीच्या लेकीची कातडी तिच्या आईच्या पाठीवर लावते, आणि ती कातडी जगते. दुपारीच पाहिलं, त्या तुकड्यावर पांढरे केस आलेत. कित्येक पिढ्या भावाबहिणींचीच जोडी लावून सगळे एकसारखे केलेले उंदीर. त्यांच्यात आईला लेक परकी वाटतच नाही. ते पांढरे केस डोळ्यांपुढून जात नाहीत.

घरी आले तर आई म्हणाली, "माझ्याच पोटची तू, अन् मलाच कशी जुळत न्हाईस?"

पहिली अक्षरं मला तिनेच घरी शिकवली, खोटं बोलू नये हेही. पण तुझ्या पोटात वाढले म्हणूनच जुळत नाही, हे तिला कसं सांगू? म्हणाले, "डॉक्टरांनाबी कारण कळंना."

ती हसली. "मंग बापावर गेली असशील."

"हाव," मी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.