जावईबापूंच्या तोंडावरचं श्रीखंड

वॉटफर्ड,
नोव्हेंबर संपत आला

सौ. प्रमोदिनीताईंना सतीश देवस्थळीचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार. भाऊसाहेबांनाही नमस्कार सांगावा. त्यांचा खोकला आता हटला असेल आणि नागपूरच्या थंडीने तुमची कंबर धरली नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं यापुढे लिहायची रीत आहे. मजेत कोणीच नाही. तुमची सून मालविका माझ्याशी फक्त किल्ल्या आणि कचऱ्याचे डबे या दोन विषयांवर बोलते. आमची सौ. सुहासिनी बोलते सगळ्यांशी, पण बघते माझ्याकडे.

हल्लीच्या दिवसांत कागदावर पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी फोन केले, तुम्ही घेतले नाहीत. मेसेज पाठवले, त्यांच्यापुढे निळ्या खुणा उमटल्या आणि तिथेच राहिल्या. भाऊसाहेबांनी एकदा फोन उचलून तुम्ही देवळात गेल्याचं सांगितलं, तेव्हा मागून कुकरच्या शिट्ट्या मोजल्याचा आवाज तुमचाच होता. (भाऊसाहेबांना बोल लावू नये, त्यांना खोटं बोलायची सवय नाही हे लगेच कळलं.) कागदाचं एक बरं असतं, पोस्टमन तो दारात आणून टाकतोच. माझं मराठी जुनाट वाटलं तर क्षमा असावी. मी नवव्या वर्षी इथे विलायतेत आलो. आईने दर रविवारी साताऱ्याच्या मावशीला पत्र लिहायला बसवलं म्हणून भाषा टिकली, पण ती मावशीच्या वयाचीच राहिली.

आता जे लिहायचं ते लिहून टाकतो. तुमच्या चिरंजीवांच्या पहिल्या दिवाळसणाला, वॉटफर्डच्या भरल्या हॉलमध्ये, त्यांच्या तोंडावर श्रीखंडाची थाळी बसली आणि थाळीच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. आईला लेकाचं कौतुक बघायला मिळावं म्हणून मालविकाने फोन धरला होता, त्यामुळे तुम्ही ते ताजं ताजं पाहिलंत. मग कोणीतरी त्याचा व्हिडिओ संथ करून, मागे सनई लावून पाठवला, तोही नागपूरला पोचला आणि तुमच्या भिशीत फिरला, असं ऐकतो. त्यावर तुमचा एका शब्दाचा मेसेज आला, ‘पाहिलं.’ आणि दुसऱ्या दिवशी दुसरा, की जानेवारीतलं आमचं येणं तूर्त राहू द्या. हा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या मेसेजसाठी आहे. तुम्ही दोघांनी यावं. लेक आणि जावई तुमची खोली सजवत होते, ते काम बंद पडलंय, आणि अर्धा रंग दिलेली भिंत पाहिली की मला जेवण जात नाही.

पण असं झालंच कसं, हे तुम्हाला कळायला हवं. आम्ही आलो तेव्हा इथे टेलिव्हिजनवर दर शनिवारी संध्याकाळी ‘टपेनी अवर’ नावाचा कार्यक्रम लागायचा. टपेनी म्हणजे दोन पैशांचा, थोडक्यात फुटकळ. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात तो सुरू झाला, आम्ही पोचलो तेव्हाच जुना झाला होता आणि मी कॉलेजात जाईपर्यंत संपायचं नाव घेत नव्हता. गाणी, जादू, ओळीने तंगड्या उडवणाऱ्या मुली, एकचाकी सायकलवर चहा पिणारा गृहस्थ, मधे मधे विनोदी प्रवेश, आणि हे सगळं सांधायला शेपटीचा कोट घातलेला सूत्रधार. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून शेजारच्या ब्रायनकडे जाऊन सतरंजीवर बसायचो. (ब्रायन अजून शेजारीच आहेत. तेव्हा मी त्यांना घाबरायचो, आता ते मला घाबरतात, कारण पुढे येईल.) माझे बाबा छापखान्यात काम करायचे आणि इंग्रजी त्या कार्यक्रमातून शिकायचे, त्यामुळे फोरमनलाही ते ‘लेडीज अँड जेंटलमेन’ म्हणून हाक मारत. कधी कधी त्यात कोणीतरी तोंडाला तपकिरी रंग फासून ‘इंडियन’ व्हायचा आणि मान हलवायचा. तेव्हा बाबा उठून ब्रायनच्या बागेतले गुलाब बघायला जायचे. पण शेवटाला ते न चुकता परत येत.

कारण शेवट भारी असे. ढोल घुमायला लागायचा, त्या आठवड्याचा मानाचा पाहुणा, म्हणजे कधी मोठी गायिका, कधी निवृत्त सेनापती, आदराने खुर्चीत बसवला जायचा, आणि सूत्रधार त्याच्या तोंडावर कस्टर्डची थाळी मारायचा. मुख्य मुद्दा हा की ती थाळी ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसे. ब्रायन सांगतात, बड्या बड्या लोकांच्या बायका आडून चौकशी करायच्या की आमच्या ह्यांना कधी मारणार. सोमवारी शाळेत दुसरा विषय नसायचा. मोठेपणी आपण तो शेपटीचा कोट घालायचा, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पुढे मी विम्याच्या कंपनीत लागलो.

यंदा आमच्या मंडळाच्या अध्यक्षा मधुमतीबाई यांनी फर्मान काढलं की दिवाळीचा कार्यक्रम ‘टपेनी अवर’च्या धर्तीवर व्हावा, म्हणजे जुने लोक आठवणींनी खूश आणि इथे जन्मलेली पोरं भाषेवाचून खूश. सूत्रधार कोण, असं त्यांनी विचारायच्या आत मी उभा होतो. माझ्याखेरीज कोणीच उभं नव्हतं, याचा अर्थ मी एकमताने निवडून आलो असा घेतला. कोट भाड्याने आणला. तो पुढून लागत नव्हता, तेव्हा सुहासिनीने पाठीत उसवून मधे उशीच्या अभ्र्याचं कापड घातलं आणि प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही अशी ताकीद दिली.

अडलं ते कस्टर्डपाशी. कस्टर्डात अंडं, आणि दिवाळीत अंडं चालणार नाही. दाढीचा फेस आणावा, तर हॉलवाल्यांना बॅडमिंटनच्या जमिनीची काळजी. मग श्रीखंड सुचलं. त्याबरोबर कमिटीत दोन तट पडले, कारण खायचं अन्न तोंडावर मारायचं म्हणजे काय! आमच्या आया ताटाला पाय लागला तर नमस्कार करायला लावायच्या, हे मला सांगावं लागलं नाही, मधुमतीबाईंनी सविस्तर सांगितलं. शेवटी तोड निघाली ती अशी: श्रीखंडाचा आधी नैवेद्य दाखवायचा, जमिनीवर थेंब सांडायचा नाही, आणि ज्याच्या तोंडावर बसेल त्याने ते वाया न घालवता खायचं. चक्का सुहासिनीने आमच्याच बाथरूमच्या नळाला टांगला होता. केशर घालू नकोस, मारायचंच तर आहे, असं मी म्हणालो, त्यावर ती म्हणाली, ‘मारणार तुम्ही असाल, पण करणारी मी आहे.’ केशर घातलं.

राहिला प्रश्न, मारायचं कोणाला. इथे माझी बुद्धी चालली, आणि ती चालते तेव्हा घरचे लोक खुर्च्या सरकवून घेतात. थाळी मानाच्या पाहुण्याला. आपल्यात दिवाळीत सगळ्यांत मोठा मान कोणाचा? पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाचा. ताई, हे गणित मी सुहासिनीला ऐकवलं तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं होतं, ही खूण मला समजायला हवी होती. मी मात्र मनात म्हणत होतो की अंगठी काय, सगळेच सासरे घालतात. अनुपरावांना आधी कळू द्यायचं नाही, हाही कार्यक्रमाचाच नियम. मी परसात कचऱ्याच्या चाकांच्या डब्याला ब्रायनची जुनी हॅट घालून, कागदी बशीत भिजवलेली कणीक घेऊन सराव केला. ब्रायन कुंपणावरून बराच वेळ बघत होते. ‘सटीश, एव्हरीथिंग ऑल राइट अॅट होम?’ असं त्यांनी फार हळू आवाजात विचारलं आणि हॅट परत मागितली नाही.

त्या सकाळी सगळं रीतीप्रमाणे झालं, हे तुम्ही फोनवर पाहिलंत. उटणं, अभ्यंगस्नान, औक्षण, अंगठी, फराळ. संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. मुलींचं नृत्य झालं, जादू झाली (कबूतर नव्हतं, भाऊबीजेची ओवाळणी गायब केली), आणि मधल्या जागा माझ्या विनोदांनी भरल्या. पहिल्या रांगेत कोणीतरी शिंकलं, तीच दाद समजून मी पुढे जात राहिलो. मधुमतीबाईंची नात सिया मोठ्याने म्हणाली, ‘अंकल, तो थाळी कधी येणार? आय हॅव स्कूल टुमॉरो.’ तेवढ्यावर मात्र सगळा हॉल हसला. मग तबला घुमायला लागला, मी अनुपरावांना हाताला धरून मंचावर आणलं, खुर्चीत बसवलं, वाकून नमस्कार केला. पुढचं तुम्ही पाहिलंत.

टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले, माझ्या आयुष्यात लोक माझ्यासाठी प्रथमच उभे राहिले. (विमा कंपनीतल्या निरोपसमारंभालाही उभे होते, पण तिथे खुर्च्याच नव्हत्या.) आणि त्या टाळ्यांत मालविकाचा फोन बंद झाल्याचं मला कळलंच नाही. तिने मला नंतर विंगेत गाठलं. ‘बाबा, त्यांच्या आईने पाहिलं,’ एवढंच म्हणाली. मला वाटलं, बरं झालं.

ताई, मी मूर्ख आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. लग्नात अंतरपाट मी उलट्या बाजूने धरला होता, हेही तुम्ही पाहिलंय. पण तुमच्या मुलाचा अपमान माझ्या मनात नव्हता. मला त्याला सगळ्यांत मोठं काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडे सगळ्यांत मोठं तेच होतं. तुम्हाला तिकडे जे लोक हसले, त्यांचं हसणं मला इथे ऐकू येतं आणि लाज वाटते. राग माझ्यावर ठेवा, हवा तितका ठेवा, पण जानेवारीत या. भिंतीचा रंग पिवळा घेतलाय, तुम्हाला आवडतो तो.

कळावे, लोभ उरला असेल तर असावा.

तुमचा व्याही,
सतीश

ता. क. सुहासिनी विचारते, बाकरवडी कोणती आणून ठेवायची, तिखट की साधी. तुम्ही येणारच आहात असं धरून ती बोलते. मी तिला अडवत नाही.

ता. क. २. वरचं पत्र बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, पण जिथे ‘पुढचं तुम्ही पाहिलंत’ म्हटलंय, तिथे तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. मालविका बाजूने उभी होती, तिथून दिसायचं नाही, आणि त्या संथ व्हिडिओतही थाळीआडचं काही दिसत नाही. ताई, मी मारलंच नाही. थाळी उचलली आणि समोर ते कपाळ आलं, त्यावर सकाळी सुहासिनीने लावलेलं कुंकू अजून होतं. माझा हात तिथेच थांबला. तबला घुमत होता, तबलजी माझ्याकडे बघून थकल्याची खूण करत होता, आणि एवढा मोठा शेपटीचा कोट घालून मी थाळी धरून नुसता उभा होतो. आता आपण रडणार असं मला वाटलं. तेव्हा अनुपरावांनी थाळीखालून माझं मनगट धरलं आणि स्वतःच तोंड पुढे केलं. जोरात. श्रीखंडातून आवाज आला, ‘बाबा, हसा आता, सगळे बघतायत.’ लग्नापासून त्यांनी मला कशानेच हाक मारली नव्हती, नुसते खाकरायचे आणि मी वळायचो. त्या दिवशी प्रथम बाबा म्हणाले. सरावही त्यांनी बाथरूमच्या खिडकीतून पाहिला होता, म्हणजे सगळं माहीत असूनच ते त्या खुर्चीत बसले. ‘हे कोणालाही सांगायचं नाही, तुमचं नाव झालंय ते राहू द्या,’ अशी त्यांनी मला गळ घातली, आणि ताई, तुमची सगळी बोलणी मात्र फोनवर स्वतः ऐकून घेतली. तेव्हा न मारलेल्या थाळीची माफी मागायची गरज नाही. मागायची ती याची, की मी तीन आठवडे नेमबाज म्हणून गावभर मिरवलो. असा मुलगा वाढवलात, त्याबद्दल मात्र मला तुमच्यापुढे गुडघ्यांची पर्वा न करता वाकायचं आहे.

ता. क. ३. एक विनंती राहिली. लेस्टरच्या मंडळाने व्हिडिओ पाहून मला जानेवारीत तिथल्या अध्यक्षांच्या तोंडावर थाळी मारायला बोलावलंय, आणि मी हो म्हणून बसलोय. मला ते जमणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात तर विहीणबाई घरी आहेत, हलता येत नाही, असं मला ताठ मानेने सांगता येईल. अनुपरावांना यातलं काही बोलू नका. फक्त तारीख कळवा. हीथ्रोवर मी स्वतः येईन, आणि तुम्हाला धीर वाटावा म्हणून दोन्ही हात रिकामे, लांबूनच दिसतील असे वर धरून उभा राहीन.