दोन पाकिटं आणि माशांची वयं

३ जानेवारी

माशाच्या कानात खडा असतो, हे आज कळलं. त्याची पातळ चकती कापून मायक्रोस्कोपखाली धरली की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. एक वलय म्हणजे एक वर्ष. धाकटी बहीण तीन वर्षं हेच मोजते आहे — आणि आम्ही लोकांना सांगतो की ती समुद्रावर संशोधन करते.

तिने मोजलेले खडे तिचा आकडा न बघता पुन्हा मोजायचे, हे माझं काम. तिची जोडीदारीण लग्न करून गेली, म्हणून मी. तिच्या प्रबंधाच्या सरांनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग सहा वर्षं घड्याळदुरुस्ती, आता दुकान बंद. "माशांबद्दल काय माहीत आहे?" काही नाही. "उत्तम," म्हणाले. काही येत नाही म्हणून मिळालेलं हे माझं पहिलंच काम.

५ जानेवारी

नियम असा — ती सकाळी मोजते, मी दुपारी. आपापलं पाकीट बंद करून सरांकडे. आकड्यांबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. जेवताना आईने विचारलं, "उद्या किती वाजता निघणार?" दोघंही गप्प. आई म्हणाली, "भांडलात का रे?"

६ जानेवारी

बावीस खडे. प्रत्येक तीनदा मोजला. मान धरली आहे.

१० जानेवारी

सरांनी पहिल्या साठ खड्यांची पाकिटं फोडली. साठपैकी चार जुळले. बाकी सगळीकडे माझा आकडा तिच्यापेक्षा बरोबर एकाने जास्त.

सर म्हणाले, "शंभरात ऐंशी तरी जुळले पाहिजेत. नाहीतर वयाचं प्रकरण प्रबंधातून काढायचं. मग उरतं काय? प्रस्तावना आणि आभार." प्रबंध एकतीस तारखेला द्यायचा आहे. तेच साठ, क्रम बदलून, पुन्हा मोजायला सांगितले.

बसमध्ये धाकटी सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिचं तीन वर्षांचं काम मी आठवड्यात बुडवलं.

१२ जानेवारी

अगदी मध्याजवळ एक फिकट वलय आहे. मला दिसतं. रोज दिसतं. पण मला दिसतं म्हणून ते असेलच असं थोडंच आहे? ती दोन पदव्या घेतलेली, मी काटे बसवणारा. माणसाने आपली पायरी ओळखून असावं.

सगळ्या आकड्यांतून एक वजा केला. खोडरबराने, कागदाला चुणी पडू न देता. अक्षर चांगलं आलं.

१५ जानेवारी

पाकिटं उद्या फोडणार. आई म्हणते, "परीक्षा तिची, मग नखं तू का खातोस?"

१६ जानेवारी

साठपैकी तीन जुळले.

या वेळी जवळजवळ सगळीकडे तिचा आकडा माझ्यापेक्षा एकाने जास्त! सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एका खड्यावर बोट ठेवलं. "गेल्या आठवड्यात हा हिच्या मते तीन वर्षांचा होता, आता चारचा. तुमच्या मते चारचा होता, आता तीनचा. मासा मेलेला आहे. मधल्या मधे वाढदिवस कोणी केला त्याचा?"

आम्ही दोघं खोलीबाहेर पडलो.

जिन्यात ती थांबली. "दादा, तू एक कमी केलास?"

"तू एक वाढवलास?"

"तुला केसाएवढा स्क्रू दिसतो. म्हटलं, मलाच दिसत नसणार."

"मला वाटलं, तू शिकलेली."

"गाढव आहेस."

"तू पण."

एवढं हसू आलं की शिपाई वरून डोकावून गेला. मग ती पायरीवरच बसली. "सरांना सांगितलं तर मला काढून टाकतील."

"नाही सांगितलं तर?"

"तेच तर."

१७ जानेवारी

सांगितलं. मी पुढे, ती माझ्या मागे. सर म्हणाले, "मला एकमेकांवर अविश्वास असणारी माणसं हवी होती. मी भाऊबहीण आणून बसवले."

संस्थेच्या टाकीत अंड्यापासून वाढवलेले दहा मासे बर्फात ठेवलेले आहेत. त्यांच्या जन्मतारखा सरांच्या वहीत. त्यांचे खडे आम्ही मोजायचे — दोन खोल्या, मधे शिपाई. ज्याचं बरोबर येईल त्याच्या पद्धतीने सगळे तीनशे बारा खडे पुन्हा मोजायचे. दोघंही चुकलो तर प्रकरण बाद. पेन्सिली आणि खोडरबर जप्त झाले.

२२ जानेवारी

चकत्या तयार आहेत. तिचं बरोबर येऊ दे.

२३ जानेवारी

मोजले. पेनाने, जे दिसलं तेच लिहिलं. मधलं फिकट वलय दहाही खड्यांत होतं. बाहेर आलो तेव्हा बहिणीविरुद्ध साक्ष देऊन आल्यासारखं वाटत होतं. ती व्हरांड्यात पाणी पीत होती. मलाही ग्लास भरून दिला.

२४ जानेवारी

दहापैकी दहा माझे. तिचा एकही नाही.

सरांनी प्रबंधासाठी आणखी महिन्याची मुदत मागून घेतली. ते गेल्यावर धाकटीने स्टूल ओढलं, माझ्या डाव्या हाताला बसली, कोरी वही उघडली. म्हणाली, "पहिलं वलय कुठे धरतोस, दाखव."

चकती जागेवर राहीना. तिने ती दोन बोटांनी दाबून धरली. मी भिंग फिरवलं.

"दिसलं?"

"नाही."

"आता?"

"थांब." बराच वेळ डोळा काढला नाही. "दिसलं. पुढचा लाव."