नव्या क्लचनंतरचा वास

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला राग धड मांडता येत नाही, म्हणून पत्र. आपली गाडी गॅरेजमधून नवा क्लच बसवून आली, हे तुला कळवलंच होतं. जुना क्लच इतका जड झाला होता की ह्यांचा डावा गुडघा दोन सिग्नलनंतर बोलायला लागायचा. दीड वर्ष हे स्टिअरिंगला हात न लावता घरात बसून होते. ज्या माणसाने तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तुझ्यासारख्या भांडीवाल्याच्या पायरीवर चाक चढवणाऱ्यालाही शिकवली, तो माणूस खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चुका मोजत होता. मला बघवत नव्हतं.

नवा क्लच लोण्यासारखा हलका आहे. ह्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की भिंगरीला शाळेत सोडायचं काम आता आजोबांचं. लेकीच्या ड्यूटीच्या वेळा तुला ठाऊकच आहेत, तिलाही हायसं वाटलं. नातीने दप्तर पुढच्या सीटवर टाकलं, तर तिला मागे बसवून आधी पट्ट्यावर व्याख्यान दिलं. चेहरा कसा उजळला होता म्हणून सांगू!

आणि नवव्या दिवशी गाडीतून जळका वास. पुढच्या चाकाजवळ हात नेववेना इतकी धग. मी तशीच गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने चाक काढून पाहिलं, ब्रेकचे पॅड निम्म्याहून जास्त झिजलेत म्हणाला. क्लचसाठी चाकं यानेच काढली होती, तरी म्हणतो, ब्रेकला मी हात लावलेला नाही. मग स्वतःच्या पायांकडे बघत विचारतो काय, की हल्ली गाडी कोण चालवतं. मी थक्कच झाले! हा स्वतः ह्यांच्या हाताखाली शिकलेला, परवान्याच्या परीक्षेआधी रडवेला होऊन आमच्या ओट्यावर बसलेला मुलगा. मी सांगितलं, ज्याने तुला शिकवलं तोच चालवतो. त्यावर खाली बसून चाक परत बसवू लागला.

तू लिफ्ट तपासणारा माणूस, ब्रेकचं तुला कळतं. काय करायचं ते सविस्तर लिही. वहिनीला आशीर्वाद, आणि माझ्यावरची माया पत्राच्या आळसाने आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मीही चक्रावलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकच नियम शिकलो आहे. दुरुस्तीच्या आदल्या दिवशी नसलेला बिघाड दुसऱ्या आठवड्यात दिसला, तर तो दुरुस्तीतूनच आलेला असतो. चाकं काढली, परत बसवताना काहीतरी अडकून राहिलं, ब्रेक सुटेना. इतकं सोपं आहे.

गाडी कोण चालवतं हा प्रश्न तर मला पाठ आहे. लिफ्ट अडकली की कंपनीची माणसंही आधी विचारतात, बटण कुणी दाबलं. तू अजिबात दबू नकोस. मीटरवरचा आकडा आणि तारीख लिहून ठेव. काढलेले जुने पॅड मागून घे, ते त्याच्याकडे राहता कामा नयेत. सोबत तक्रारीचा मसुदा जोडला आहे. त्यात निष्काळजीपणा हा शब्द तीनदा आलाय, तो मुद्दाम आहे. तुझ्या अक्षरात उतरवून काढ आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

भावोजींना नमस्कार. भांडीवाल्याची पायरी त्या दिवशी रस्त्यात आली होती, हे त्यांना पुन्हा एकदा सांग. लोभाची शिल्लक असेल तर माझ्या नावावर ठेव.

तुझा,
धाकटा

---

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा मसुदा उतरवला, ह्यांनाही वाचायला दिला, आणि नेऊन दिला. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि नवे पॅड बसवून दिले. मी तर लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

जिंकले कसली! मध्ये ह्यांना सर्दी झाली, तेव्हा दोन दिवस मी भिंगरीला सोडलं. गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. मला वाटलं आता सुटलो. हे परत बसू लागले आणि चारच दिवसांत तोच वास, तीच धग. हे म्हणतात, तुझा हात हलका, गाडी तुला घाबरून असते. मी म्हटलं, मला घाबरणारं या घरात एवढं तरी काहीतरी आहे.

ह्यांचा विसरभोळेपणा मात्र वाढलाय. परवा उजव्या पायातली चप्पल जिन्यातच राहिली आणि हे एका चपलेवर स्वयंपाकघरापर्यंत आले. मी ओरडले तेव्हा खाली पाहिलं, आणि स्वतःच हसत सुटले.

आता पुढचं शस्त्र कोणतं ते सांग. माझा संयम संपला आहे, तुझ्यावरचा लोभ तेवढा शाबूत आहे.

तुझी,
ताई

---

दि. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नवे पॅडही गेले? म्हणजे त्याने मूळ दोष काढलाच नाही, वरवर मलमपट्टी केली. आता ग्राहक मंचाकडे जायचं. पण त्याआधी साक्षीने चाचणी घे. त्याला सांग, गाडी आमच्या माणसाने चालवायची आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. चालवायला भावोजींनाच बसव. त्यांच्यासारखा चालक असताना ब्रेक तापला, तर त्या गृहस्थाला तोंड उघडायला जागाच उरणार नाही. तू त्याच्याबरोबर मागच्या गाडीत बस आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे लिहून घे.

घाईत आहे, एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आहे. निकालाची वाट बघतो. प्रेम आहेच, ते वेगळं लिहीत नाही.

तुझा,
धाकटा

---

दि. ७ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच, आणि बसून वाच.

तू सांगितलंस तसं केलं. हे गाडीत बसले, आरसा नीट केला, पट्टा लावला, सगळं त्यांच्या जुन्या शिस्तीत. मी आणि गॅरेजवाला त्याच्या गाडीतून मागे. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून आपल्या गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले. सरळ रस्ता, पुढे चिटपाखरू नाही, गाडी चाललीये आणि ब्रेकचे दिवे चालू. वळणापर्यंत चालू. वळणानंतरही चालू. मी त्या माणसावर खेकसले, दिव्यांचंही वाटोळं केलंस म्हणून. त्याने गाडी कडेला घेतली. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, काकू, मास्तरांचा पाय ब्रेकवर आहे. आणि हे आजचं नाही. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या रस्त्यावर त्याने हे दिवे पाहिले होते. पण ज्यांनी आपल्याला ब्रेकवर पाय ठेवून चालवू नकोस म्हणून शंभरदा टोकलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं, ते त्याला सुचेना. माझ्या हातून ते पत्र घेऊन, पॅड बदलून गप्प राहिला.

परत आलो तर हे उतरून तावातावाने सांगायला लागले, बघितलंत ना, कसा तापतो ते. गॅरेजवाला त्यांच्यापुढे खाली बसला. मास्तर, तुमची परवानगी असेल तर बूट काढतो, म्हणाला. हे हसले, पण पाय पुढे केला.

बूट निघाला. तळव्यातून एक स्क्रू आरपार आत गेलेला होता. गॅरेजमध्ये पडलेला असेल, नाहीतर रस्त्यावरचा. मोजा रक्ताने भिजून काळा झाला होता. आणि हे, धाकट्या, त्या पायाकडे असे बघत होते की जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, एवढ्या वर्षांच्या साखरेने उजव्या पायाची जाणीव गेलीये. हळूहळू गेली, म्हणून ह्यांनाही पत्ता लागला नाही. त्या पायाने हे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबत होते, आणि आपण सवयीने जिथे पाय ठेवतो तिथेच तो आहे असं धरून चालत होते. आणि मीच तो क्लच हलका करून घेतला!

डॉक्टरांकडून येताना त्यांनी मला एकच विचारलं, दिवे खरंच लागलेले होते का. घरी आल्यावर पुन्हा तेच विचारलं. त्यानंतर बोललेले नाहीत. मला फार भीती वाटते रे.

ताई

---

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गॅरेजवाल्याला माफीचं पत्र आजच टाकलं आहे. त्याने एकच साधा प्रश्न विचारला होता आणि मी तुला तो लबाडीचा ठरवून दिला. यंत्राचा नियम सांगत बसलो, यंत्राच्या आत माणूस बसलाय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. भावोजींचा पाय चुकेल असा विचार करणंच मला पाप वाटलं असतं, म्हणून केला नाही.

जखम कशी आहे? दोन्ही तळवे रोज तू स्वतः बघ, त्यांच्यावर सोडू नकोस. शनिवारी मी येतो. तोवर त्यांना बोलतं कर, रागावून का होईना. माझ्यावरही राग, मला चालेल.

तुझा,
धाकटा

---

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू येऊन गेलास, इतक्या दिवसांच्या मौनानंतर मी तुझ्याशी हवापाण्याचं बोललो, आणि तू समाधानाने परत गेलास. तुझ्या तोंडावर जे सांगवलं नाही ते लिहितो आहे. जखम भरत आहे. गाडीची किल्ली तुझ्या ताईकडे दिली आहे आणि परवाना मी स्वतः जाऊन परत करणार आहे. शिकवताना मी कित्येकांना म्हणालो असेन की तू अजून तयार नाहीस, पुढच्या महिन्यात ये. कुणी वाद घालत नसे. मला तसं सांगायला माझ्या शिष्याला माझा बूट काढावा लागला.

गॅरेजवाला काल आला होता. बराच वेळ बसला, जुन्या गोष्टी काढल्या. माझ्याकडून त्याची माफी मागितली गेली नाही. का ते आता सांगतो.

तुझा मसुदा आला त्याच्या आदल्या सकाळी मी भिंगरीला शाळेच्या फाटकापाशी उतरवलं. ती गाडीच्या पुढून पलीकडे जायला निघाली. ब्रेक दाबून धरावा असं माझ्या मनात होतं, मी दाबलाही, निदान मला तसंच वाटलं. गाडी हातभर पुढे उसळली. डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला गेला म्हणून थांबली. पोरीने दोन्ही तळहात बॉनेटवर टेकले होते. मनात एकच आलं, या गॅरेजवाल्याने आज माझी नात मारली असती. घरी कुणाला बोललो नाही, उगाच घाबरतील म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझ्या ताईने उतरवलेलं पत्र वाचायला दिलं, तेव्हा त्याच्या खाली मी माझ्या हाताने एक ओळ वाढवली की तुमच्या निष्काळजीपणाने एका लहान मुलीच्या जिवावर बेतलं असतं. ते त्याने वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. काल इथे बसला होता तेव्हाही त्याने त्या ओळीचं नाव काढलं नाही.

ताईला हे तू सांग. माझ्याच्याने होणार नाही. आणि तिला हेही सांग, कारण रोज डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं. भिंगरी घाबरली नव्हती. तिला वाटलं आजोबांनी गंमत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फाटकापाशी उतरली, धावत जाऊन गाडीच्या बरोबर समोर उभी राहिली, आणि हात पुढे करून म्हणाली, आजोबा, कालच्यासारखं पुन्हा करा.

तुझा लोभ पूर्वीइतकाच राहील असं मी धरून चालत नाही. राहिला तर दोन ओळी लिही.

तुझा,
मास्तर