हूशंगच्या गळ्यातली नाणी

शीहे गाव, गुआंगशू सम्राटांचं पंधरावं वर्ष, बाराव्या महिन्याची अष्टमी

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. आज आठ धान्यांची खीर केली होती. मामंजींनी दोन वाट्या खाल्ल्या, म्हणजे त्यांच्या तब्येतीची काळजी नको. तुझी भट्टी या थंडीत नीट पेटते ना?

पत्राचं कारण तुला माहीतच आहे. नव्या वर्षात हूशंगला बारावं लागेल. जन्मापासून दरसाल तू ओतून पाठवलेलं ताईताचं एकेक नाणं त्याच्या गळ्यातल्या लाल दोऱ्यात आहे. पहिल्यावरची ‘दीर्घायुष्य, वैभव’ ही अक्षरं आता झिजलीत. वाघावर बसलेला महंत साप-विंचवांना पळवतो ना, ते नाणं त्याने दात येताना चावून गुळगुळीत केलं. आता मामाने येऊन दोरा सोडला, की पोरगं मोठं झालं. मामंजी म्हणाले, "लिही त्याला, नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आत ये म्हणावं."

लिहिलं. आता माझं ऐक. येऊ नकोस.

दोरा सुटला की लगेच त्याला खिंडीपलीकडे पाठवणार आहेत, बाओतौच्या चहाच्या दुकानात उमेदवारीला. त्याचे वडीलही असेच गेले होते. तीन-तीन वर्षांनी घरी यायचे, आणि शेवटी आले ते पेटीतून. मी मामंजींना म्हटलं, अजून लहान आहे हो. "माझा मुलगा काय दाढी घेऊन गेला होता?" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

दोरा गळ्यात आहे तोवर तो लहान मूल. लहान मुलाला दुकानात कुणी घेत नाही. आणि सोडायचा हक्क फक्त तुझा. साचा फुटला, नाणं नीट उतरलं नाही, काहीही कळव. वहिनी म्हणत होती, शेवटच्या नाण्यावर ‘एकाचे दहा हजार’ ही धंद्यातल्या नफ्याची अक्षरं लिहिणार आहेस. दादा, मला माझा एकच पुरे रे.

हूशंगला विचारू नकोस. त्याला जायचंय. "मामा कधी येणार? हे खुळखुळतं, पोरं मला बकरी म्हणतात," अशी रोजची भुणभुण. त्याच्या वाटेचे जोडे मीच शिवतेय. काय करू, बर्फात अनवाणी कसा धाडू?

तू येशील, मला माहीत आहे. मामंजींना तू तरी काय सांगणार. पण आलास तर कात्री आणू नकोस. न्हाऊ घालताना दोरा ओला होता, तेव्हा मी गाठीवर गाठ मारून दातांनी ओढून ठेवलीय. ती बोटांनीच सोड, आणि वेळ लाव.

तुझीच,
च्याओयुन