ज्येष्ठांसाठी, दुसऱ्या मजल्यावर

अहो,

घर गप्प होतं, नळ फुसफुसला तशी उठले. पाणी भरलं. बाळ जागं व्हायच्या आत लिहिते.

आई वर्गाला येतच नाहीत असा व्यायामाच्या बाईंचा फोन आला म्हणून काल आईंना आळशी म्हणालात ना? त्या रोज संध्याकाळी सहाला निघत होत्या. 'ज्येष्ठांसाठी' अशी पाटी लावलेला वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला धरायला कठडा नाही. पहिल्या दिवशी भिंतीला धरून चढल्या, तर बाई म्हणाल्या, "आजी, नऊवारीत जमणार नाही, ट्रॅकपँट घालून या." गुडघे आखडले म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि गुडघे धड असले तरच यांचा वर्ग!

तेव्हापासून त्या खालच्या पायरीवर बसून, वरून ऐकू येईल तसे हात हलवून घरी येतात. काल संध्याकाळी त्यांच्या मागोमाग जाऊन शर्वरीनं आणि मी डोळ्यांनी पाहिलं. "तुमाला वाईट वाटंल म्हून बोलले न्हाय की," म्हणाल्या. मी रागानं रडले.

आज त्यांच्याबरोबर मी जाणार. खाली अंगणात खुर्च्या मांडून वर्ग घ्या, असं सांगितल्याशिवाय हलणार नाही. तुम्ही बाळाला सांभाळा, आणि आईंची माफी मागा.

शर्वरी उठलीय. विचारतेय, "आई, तू म्हातारी झालीस की तूपण पायरीवरच बसणार?"