न्यूमनचे तीन ट्राय

कुमलास, वेल्स
८ ऑक्टोबर १९९५

प्रिय विल्फ,

अडतीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दचक. मी रागात लिहितेय. राग उतरल्यावर लिही, असं एमरिस म्हणतो, पण तेवढी वाट पाहिली तर तो असायचा नाही. खाणीतल्या धुळीने माझ्या भावाची छाती भरलीय आणि डॉक्टर नाताळाचं नाव काढत नाहीत.

थॉर्नशॉ रग्बी क्लबच्या शंभर वर्षांचा तुझा इतिहास त्याच्यासाठीच मागवला. चांगला लिहिलायस, कबूल. चिखलाचं पहिलं मैदान, गिरणीचा भोंगा झाल्यावर होणारा सराव, युद्धात जळणाला गेलेला लाकडी स्टँड, सगळं जागच्या जागी आहे. एमरिसने चष्मा पुसून पुसून वाचलं. मग आलं पान एकशे बारा. ९ मार्च १९५७, उजव्या विंगवर न्यूमन, तीन ट्राय.

न्यूमन! म्हणजे नवा माणूस. चाचणीला आलेल्या पोराला चोरून खेळवायचं तर तेरा जणांच्या रग्बीत हेच नाव लावायचे, हे तुला-मला ठाऊक. पण पुस्तकाच्या शेवटी खेळाडूंची यादी करणाऱ्या तुझ्या कॉम्प्युटरवाल्या पुतण्याला ते कुणी सांगायचं? त्या शहाण्याने सगळे न्यूमन गोळा करून एकच माणूस उभा केलाय. एकतीस सामने, १९३२ ते १९६१! एमरिस बोट फिरवत तिथे थांबला आणि खोकला येईपर्यंत हसला. "नेस्टा, मी जन्माच्या दोन वर्षं आधीपासून खेळतोय की गं!" मग पुस्तक मिटून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला त्या पुतण्याचे कान उपटावेसे वाटले, आणि तुझेही. छापण्याआधी तू ती यादी वाचली नाहीस?

आठवतं ना सगळं? मी तिकडे उत्तरेला तुमच्या थॉर्नशॉच्या गिरणीत कामाला, तू गावच्या पेपरात, आपलं लग्न ठरलेलं. एमरिस शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आला, टोपी नाकापर्यंत ओढून. आमच्या कुमलासमध्ये पंधराचंच रग्बी आणि त्या लोकांच्या लेखी तेराचा खेळ खेळणं म्हणजे बाटणं. तिथे पैसे मिळतात ना, म्हणून पाप. दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन रेषेपार झेपावत त्याने तिसरा ट्राय केला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी ओरडली, "अगं बाई, ह्या न्यूमनला बांधून ठेवा कुणीतरी!" आणि मला ओरडून सांगताही येईना की तो माझा भाऊ आहे. फाटकाशी मी तुझा हात धरून शपथ घातली. मी सांगेपर्यंत त्याचं नाव कागदावर येता कामा नये.

आठ दिवसांत इथल्या कमिटीने त्याला बोलावून जन्मभरासाठी वाळीत टाकलं. खेळायचं नाही, क्लबात पाय ठेवायचा नाही, भावासारख्या मित्रांबरोबर एक ग्लास बिअरसुद्धा नाही. आईने हाय खाऊन अंथरूण धरलं आणि तो परत उत्तरेला गेलाच नाही. शिक्षा एमरिसच्या नावावर, ट्राय न्यूमनच्या नावावर. अडतीस वर्षं दर शनिवारी तो रस्त्यावरून, दगडी कुंपणावर कोपर टेकून सामने बघत आला, पावसात, बर्फात. मला अजून त्या कुंपणाला लाथ मारावीशी वाटते.

आणि गुपित माहीत होतं तिघांनाच. एमरिस, मी, आणि पेपरवाला तू. तू किती सांगितलंस, "नेस्टा, माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही." मी तुझी अंगठी टेबलावर आपटली आणि गाडीत बसले. तुझी पत्रं न उघडता चुलीत घातली.

ऑगस्टमध्ये नियम मोडीत निघाला. आता पंधरावालेही राजरोस पैसे घेणार. गेल्या रविवारी इथल्या क्लबचा सेक्रेटरी ग्विलिम मनुकांचा केक घेऊन दारात. "झालं गेलं सोड, एमरिस. ये आता, आत बसून बघ सामना." ज्याला उठून खिडकीशी जाता येत नाही त्याला हे आमंत्रण! वर हसत म्हणतो, "आमच्या बाबांनाच पाठवलं होतं कमिटीने थॉर्नशॉला. कॉलर वर करून स्टँडमध्ये बसले होते." मी केक त्याच्या हातात परत दिला आणि दार लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. आमच्याच गल्लीतल्या माणसाने चहाडी केली, विल्फ. आणि मी तुला चोर ठरवलं.

काल एमरिसला पुन्हा ते पान हवं होतं. मी वाचताना न्यूमनच्या जागी त्याचं नाव घातलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "छान वाटलं. आता खरं दाखव." पानावर छापलेलं न्यूमनच, दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की तू त्याचं नाव विसरला नव्हतास. मी घातलेली शपथ तू पाळत बसला होतास. याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. इतकी वर्षं, मी असं वागल्यावरही, कशाला पाळलीस रे? ती शपथ मी आज मोडते. नव्या आवृत्तीची वाट बघू नकोस. एकशे बारावं पान एकच छापून घे आणि पहिल्या टपालाने पाठव. एमरिस प्रॉसर, उजवी विंग, तीन ट्राय. टपालावर भरवसा नसेल तर स्वतः घेऊन ये. दार मीच उघडेन.

अजून रागातच, पण तुझीच,
नेस्टा